मर्यादवेलीच्या अलीकडे-पलीकडे

पहिला दिवस : वेळास

बागमांडल्याच्या धक्क्यावर फेरीबोटीत गाडी चढवली तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता. एप्रिलचा पहिला आठवडा. शेजारी भाची. ती प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिच्या पिशवीत कपडे कमी, थर्मामीटर, मोजपट्टी आणि वह्या जास्त. मी कोकणात दरवर्षी जाते, पण खरं सांगायचं तर मासे खायला. या वेळी तिची अट होती : वेळासपासून देवबागपर्यंत जमेल तितकं किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, आणि "पूर्वी इथे काय सुंदर होतं" हे वाक्य मी दिवसातून एकदाच म्हणायचं.

वेळास म्हणजे नाना फडणवीसांचं गाव. पण आता तिथे कुणी नानांसाठी येत नाही, कासवांसाठी येतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली इथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. त्याआधी ती सरळ उकरून नेली जायची. आम्ही उतरलो त्या घरातल्या काकूंनी हे अगदी सहज सांगितलं, "अहो, आमच्याकडे पण आणायचे की. कुणाला माहीत होतं?" आज त्यांच्या पडवीत पुण्या-मुंबईची बारा माणसं जेवत होती, तीही कासवांमुळेच.

संध्याकाळी वाळूत गेलो. भरतीरेषेच्या वर जाळीचं कुंपण, आत ओळीने खड्डे, प्रत्येकावर उपडी टोपली आणि पाटीवर तारीख, अंड्यांची संख्या. १०८, ११७, ९४. मादी रात्री वर येते, मागच्या पायांनी हातभर खोल, मडक्याच्या आकाराचा खड्डा काढते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि मागे न बघता निघून जाते. पहाटे कासवमित्र तिच्या मागावरून घरटं शोधतो आणि अंडी उचलून इथे, तशाच मापाच्या खड्ड्यात ठेवतो. तसं केलं नाही तर कोल्हे आणि कुत्री सकाळपर्यंत फडशा पाडतात.

टोपली उचलली. आधी काहीच दिसेना. मग वाळू एका ठिकाणी किंचित खचली, जसं चाळणीतून पीठ खाली जावं तशी, आणि राखाडी नाक वर आलं. एवढंसं, पेन्सिलीच्या टोकाएवढं. ते तसंच थांबलं. दुसरं आलं. मग एकदम खालून कुणीतरी ढकलावं तसे सातआठ जण एकमेकांच्या डोक्यावर पाय देत बाहेर. त्यांना पाण्यात नेऊन सोडत नाहीत. वाळूवरच ठेवतात, चालू देतात, कारण हाच किनारा त्यांच्या डोक्यात बसायचा असतो. मादी मोठी झाल्यावर अंडी घालायला याच भागात परतते, असं मानतात. हजारातलं एखादंच तेवढं जगतं, हे त्या वेळी कुणी बोललं नाही ते बरं झालं.

सगळे मोबाइल वर करून उभे असताना भाची मात्र कुंपणापाशी कासवमित्रांशी वाळूच्या तापमानाबद्दल बोलत होती. पिल्लू नर होणार की मादी हे अंड्यात ठरलेलं नसतं, वाळूची ऊब ते ठरवते, आणि तेही उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात. साधारण २९ अंशांच्या आसपास निम्मे-निम्मे. त्याच्या दोन-तीन अंश वर गेलं की जवळजवळ सगळ्या माद्याच. आणखी वर गेलं की अंडी आतच शिजतात. "म्हणून हे," म्हणत कासवमित्रांनी वर ताणलेल्या हिरव्या शेडनेटकडे बोट केलं. नर्सरीत रोपांवर घालतात तेच कापड. कोट्यवधी वर्षांच्या प्राण्याला आता उन्हातून सावली धरावी लागते.

परतताना त्यांनी वाळूवर पसरलेला एक वेल दाखवला. जांभळी, भोंग्यासारखी फुलं आणि आपट्यासारखी दुभंगलेली पानं. मर्यादवेल. समुद्र तिच्यापुढे येत नाही म्हणून ते नाव. "कासवीण बहुतेक हिच्या अलीकडे-पलीकडेच अंडी घालते," ते म्हणाले. "वेल आहे म्हणजे वाळू टिकलेली आहे." मी वहीत फक्त तेवढंच लिहिलं. पुढचे पाच दिवस मी कासवं कमी आणि हा वेल जास्त शोधणार होते, हे तेव्हा कुठे माहीत होतं.

दुसरा दिवस : केळशी, आंजर्ले, हर्णै

केळशीला वाळूची टेकडी आहे. टेकडी म्हणजे खरोखर टेकडी, १८ मीटरच्या आसपास उंच. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व अभ्यासक अशोक मराठे यांनी तिचे थर तपासून, ती त्सुनामीच्या लाटेने आणून टाकली असावी असं मत मांडलं होतं. पटो न पटो, पण शेकडो वर्षं जागची न हललेली ही टेकडी सागरी मार्गाच्या कामात कापली गेली. कापलेली बाजू उन्हात सोललेल्या फणसासारखी दिसते. किनाऱ्यावरची वाळूची टेकाडं म्हणजे समुद्राची बचत ठेव. वादळात लाटा ती खातात, नंतर वारा पुन्हा साठवतो. रस्ता करणाऱ्याला मात्र तो नुसता ढिगारा वाटतो. (माझं आजचं "पूर्वी" मी इथेच वापरून टाकलं.)

आंजर्ल्याला सुरूचं बन. शाळेच्या सहलीपासून मला सुरू आवडतो, त्याचा तो समुद्रासारखाच आवाज. त्यामुळे भाची जे म्हणाली ते ऐकून मी थोडी दुखावलेच. सुरू मूळचा इथला नाही, वारा अडवायला म्हणून लावलेला. त्याच्या खाली काड्यांसारख्या पानांचा गादीएवढा थर साचतो आणि त्यात दुसरं फारसं उगवत नाही. मी पायाने उकरून पाहिलं. खरंच, मर्यादवेलीचा मागमूस नव्हता. जिथे सुरू वाळूच्या थेट पुढच्या काठापर्यंत लावलाय, तिथे लाटांनी मुळांखालची वाळू ओढून उभी कड तयार केली होती, माझ्या गुडघ्याएवढी. कासवीण ती चढू शकत नाही. ती येते, कडेला थडकते आणि परत जाते.

आणि वारा तरी अडला का? ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ शेजारच्या रायगडात किनाऱ्यावर आलं तेव्हा या भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आणि हे सुरू एकत्रच आडवे झाले. चहावाल्या दादांचं म्हणणं वेगळं होतं : "सुरू होते म्हणून घरं वाचली." दोघांचंही खरं असू शकतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडलंय की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. तापलेलं पाणी म्हणजे वादळाचं इंधन. तेव्हा किनाऱ्यावरचा माणूस जे झाड हाताशी येईल ते लावणार, हेही ओघानेच आलं.

हर्णैला पोचलो तेव्हा लिलाव रंगात आला होता. सुवर्णदुर्ग समोर, पायाखाली बर्फाचं आणि रक्ताचं पाणी, वर घारी. माकुल, बांगडे, कोळंबीचे ढीग. एका ढिगात नखाएवढी पापलेटं होती, ज्यांना अजून एकदाही अंडी घालायला मिळाली नव्हती. मासळीवाल्या मावशींना विचारलं, कासव जाळ्यात येतं का?

"येतं की. जिवंत असलं तर हात जोडून सोडतात, देव तो. मेलेला आला तर काय सोडायचं, बाय?"

कासव हवेवर जगतं. ट्रॉलरचं जाळं तळाशी दोन-तीन तास ओढलं जातं, तेवढा वेळ त्याचा दम टिकत नाही. जाळ्यात कासवाला बाहेर पडायला तिरका गज आणि झडप बसवता येते, पण त्यातून थोडी कोळंबीही निसटते, म्हणून ती कुणाला नको असते. राज्याच्या कांदळवन (खारफुटी) कक्षाने २०१८च्या अखेरीस एक शहाणपणाची गोष्ट सुरू केली : संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. कासवं, देवमासे, डॉल्फिन असे अनेक जीव त्यामुळे सुटले. उपदेशापेक्षा हे बरं. फाटलेल्या जाळ्याची किंमत ज्याला मोजावी लागते त्याला भूतदया शिकवणं सोपं नसतं, विशेषतः पुण्याहून येऊन.

तिसरा दिवस : गुहागर

दाभोळ-धोपावे फेरीने पलीकडे. गुहागरचा किनारा लांबलचक आणि घरटीही भरपूर.

२०२२च्या सुरुवातीला भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठानने कोकणातल्या पाच कासवांच्या पाठीवर उपग्रह यंत्रं बसवली. पहिली वेळासची, तिचं नाव प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरातून बागेश्री निघाली आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. त्याही पुढची गंमत जानेवारी २०२५ची. इथे अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायाला धातूचा बिल्ला सापडला, तो २०२१ मध्ये ओडिशात लावलेला होता. साडेतीन हजार किलोमीटरच्या पलीकडून ती आली होती. पूर्वेची आणि पश्चिमेची कासवं वेगळी, हा समज एका बिल्ल्याने हलवला. अशा पाहुणीला उतरायला आपण दिलेली जागा मात्र भरतीची रेषा आणि पहिली भिंत यांच्यामधली काही पावलं.

रात्री साडेअकराला आम्ही वाळूत गेलो, टॉर्चवर लाल कागद बांधून. किनाऱ्यालगतच्या एका राहण्याच्या ठिकाणी पांढरे फोकस थेट समुद्राकडे रोखलेले होते. पिल्लं उजेडाकडे जातात. त्यांच्या हिशेबात रात्री सगळ्यात उजळ जागा समुद्राची असते, हजारो पिढ्यांचा तो हिशेब बरोबरच होता. भाचीने रखवालदाराला विनंती केली, ते म्हणाले, "मालक रागावतात, ताई, पाहुण्यांना समुद्र दिसायला हवा." मग इकडेतिकडे बघून त्यांनी तीनपैकी दोन दिवे घालवले. आम्ही दीड तास बसलो. एकही कासव आलं नाही. डासांनी मात्र आमची चांगली सोय लावली.

चौथा दिवस : सडा

तवसाळ-जयगड फेरी आणि मग रत्नागिरीवरून खाली. आजचा दिवस बहुतेक गाडीतच गेला. फेरीला लग्नाच्या वऱ्हाडाची रांग होती, त्यात दीड तास मोडला, भांडणही झालं, ते असो.

सडा म्हणजे कोकणातलं कातळाचं पठार. उन्हाळ्यात तो बघण्यासारखा नसतो असं म्हणतात. काळा, भाजलेला कातळ, जाळलेलं गवत, मैलोन् मैल. म्हणूनच कागदोपत्री तो 'पडीक' ठरतो आणि मग त्यावर काहीही करता येतं : चिरेखाणी, सुरुंग लावून केलेल्या आंब्याच्या बागा, प्रकल्पांचे सर्व्हे. पावसाळ्यात त्याच कातळावर इंचभर मातीत फुलांचे गालिचे येतात, खळग्यांत बेडकं येतात. तिथली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. आणि हा कातळ पाणी मुरवतो, पायथ्याची गावं त्या झऱ्यांवर जगतात. तो खणला की सुटलेली लाल माती पावसात थेट खाडीत उतरते. किनाऱ्याचं दुखणं वर, असं पाच तासांत कळलं.

एका चिरेखाणीपासून शंभरेक पावलांवर पाणी प्यायला थांबलो. टिटवी ओरडत अंगावर आली. तिची चार अंडी उघड्या कातळावर, दगडाचीच वाटावीत अशी, जवळजवळ पायाखाली गेली होती. आम्ही गाडीत जाऊन बसलो आणि पाहत राहिलो. पंधरा मिनिटांनी ती परतली, पोटाची पिसं ओली. कुठल्या तरी डबक्यात बुडवून आणलेली. अंड्यांवर उभी राहून तिने पिसं फुलवली. त्या कातळावर भाचीच्या थर्मामीटरने ५१ अंश दाखवले. टिटवीला हे जमतं. कासवीण अंडी घालून गेलेली असते, तिच्या बाजूने टोपली आणि शेडनेट.

पाचवा दिवस : मालवण

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ गाभा, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा. इतकी वर्षं झाली, पण गावात अभयारण्याबद्दल विचारलं की कपाळाला आठी. मासेमारी बंद करतील ही भीती अजून गेलेली नाही. एक बोटवाले हसून म्हणाले, "ता कागदार आसा. पाण्यात खय दिसता तुमका?"

पाण्यात उतरलो. चेहऱ्यावर मुखवटा, तोंडात नळी, आणि पहिल्या दहा सेकंदांत मी खारट पाणी गिळून खोकत वर. मग जमलं. खाली प्रवाळ : पिवळट गोल गड्डे, पालथ्या छत्रीसारखे पापुद्रे. बऱ्याच ठिकाणी मात्र ते गड्डे हाडासारखे पांढरे, आणि काहींवर शेवाळी लव. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला बरंचसं अन्न आणि रंग देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापून तसंच आठवडेच्या आठवडे राहिलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो. मग तो लगेच मरत नाही, उपाशी असतो. पाणी वेळेत थंड झालं तर सावरतो. एप्रिल २०२४ मध्ये जगभर असं विरंजन, म्हणजे प्रवाळ पांढरा पडणं, चालू असल्याचं जाहीर झालं, गेल्या काही दशकांतली ही चौथी वेळ.

उष्ण पाण्याचं आपल्या हातात काही नाही असं म्हणून हळहळावं, तोवर आमच्या मार्गदर्शक मुलाने फोटो चांगला यावा म्हणून एका गड्ड्यावर दोन्ही पाय रोवले आणि पिशवीतून पाव काढून चुरा सोडला. पट्ट्यापट्ट्यांचे मासे झुंबडले. उपाशी असलेल्या आजाऱ्याच्या छातीवर उभं राहून पाहुण्यांना फरसाण वाटावं तसं. भाची वर आल्यावर त्याला काही बोलली. तो वाईट मुलगा नव्हता. "ताई, लोक मासे दिसले नाहीत तर रेटिंग देत नाहीत," म्हणाला, आणि पुढच्या गटाबरोबर पाव पुन्हा बाहेर काढला.

दुपारी रापण ओढताना पाहिली. किनाऱ्यापासून अर्धवर्तुळात टाकलेलं जाळं, दोन्ही टोकांना माणसं, मिळालेल्या मासळीत सगळ्यांचा वाटा. मीही दोरीला हात लावला, तळवे सोलून घेतले. जाळं वर आलं : थोडे बांगडे, मूठभर तारली, भरपूर जेली, फुगलेले केंड मासे, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि एक चप्पल. केंड दातांनी जाळी कापतात.

"पयलां रापण ओढूक शंभर हात लागायचे," म्हातारे गडी म्हणाले. "आता मासोच गावणा नाय, तर हात करतले काय?"

त्यांचा राग माशांचा अख्खा थवा घेरून उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर आणि रात्री एलईडी दिवे लावून मासा गोळा करणाऱ्या बोटींवर. दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले. तरी क्षितिजावर रात्री गाव वसल्यासारखा उजेड दिसतो, असं त्यांनी सांगितलं. आम्ही जेवून मुद्दाम बघायला गेलो. दिसला.

सहावा दिवस : देवबाग

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये गावाची चिंचोळी पट्टी. सकाळी नदीच्या बाजूने गेलो. तिवर, चिप्पी, कांदळ. ओहोटीच्या चिखलात निवट्या टुणटुण उडत होत्या. पांढरी चिप्पी २०२०पासून राज्याचा कांदळवन वृक्ष आहे आणि कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पक्की बंदी घातलीय. तोड कमी झालीय हे खरं. पण भराव टाकून मुळांचा श्वास कोंडला की झाड आपोआपच मरतं, त्याला कुऱ्हाड लागत नाही. असा एक भराव आम्ही पाहिला, वर बोर्ड : 'प्लॉट विकणे आहे'.

मग समुद्राच्या बाजूला. आणि इथे मात्र माझ्या वहीची पंचाईत झाली. पाच दिवस मी भिंतींच्या विरोधात लिहीत होते. भिंतीवर लाट आपटली की परत जाताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. भिंत जागेवर राहते, किनारा जातो. एका घरापुढे दगड टाकले की धूप शेजारच्या घरापुढे सरकते. हे सगळं खरं, आणि इथे दिसतही होतं. बंधाऱ्यापुढे वाळू औषधालाही नव्हती. लाट थेट दगडावर. मर्यादवेलही नव्हती, कारण मर्यादाच उरली नव्हती.

बंधारा संपतो तिथे एक आजोबा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरत होते. पावसाळ्याची तयारी. घराच्या मागच्या दारापासून पाण्यापर्यंत मी मोजली, १९ पावलं. तीन माड उभे, चौथ्याची मुळं बाहेर लोंबणारी. मी, अगदी जपून, विचारलं की दगड टाकण्यापेक्षा दुसरं काही करता येणार नाही का.

त्यांनी फावडं टेकवलं आणि पाण्याकडे हात केला. "थय लाट फुटता ना, थय आमचा खळा होता. भात मळलंय मी थय." मग थोडं थांबून, "बंधारो नको, तर मगे आमी जावचा खय?"

आम्ही दोघी गप्प. नदीतून वाळू उपसली जाते तेव्हा समुद्राला मिळायची वाळू मिळत नाही, वर धरणं, खाली बंदरांचे बांध, शिवाय तापून वाढणारा समुद्र, हे सगळं मला आता पाठ झालं होतं. त्यातलं एकही वाक्य तिथे बोलण्याजोगं नव्हतं.

"जरा पोत्याचा तोंड धरशात?"

मी धरलं. भाचीने पिशवी खाली ठेवली आणि दुसरं फावडं घेतलं. अर्ध्या तासात अकरा पोती झाली. पाठ मोडली. शेवटच्या पोत्याला, माडाच्या मुळापाशी, फावड्याबरोबर हिरवी दोरी वर आली. आपट्यासारखी दोन पानं, एक मिटलेलं जांभळं फूल. आजोबांनी ती वाळूतून हळू सोडवली, झटकली, सावलीत ठेवली आणि वर थोडी ओली माती ओढली.

"लावतलंय परत," म्हणाले, आणि पोत्याचं तोंड सुतळीने आवळलं.